इलेक्ट्रिक कार रोज चालवायची तर आधी पार्किंगमधला पॉइंट, मग शोरूम

इलेक्ट्रिक कारचा विषय निघाला की घरात पहिला प्रश्न येतो, "एका चार्जमध्ये किती जाते?" शोरूममधला सेल्समनही त्याचंच उत्तर पाठ करून बसलेला असतो. रोजच्या वापरात मात्र या प्रश्नाचा नंबर बराच खाली लागतो. गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे वीज पोहोचते का, ती तुमच्याच मीटरवरची आहे का आणि त्या लाइनवर सहा-आठ तास सलग लोड टाकला तर ती तापते का, हे तीन प्रश्न सुटले की मध्यम बॅटरीची गाडीही मजेत निभावते. ते सुटले नाहीत, तर पाचशे किलोमीटर रेंजची गाडीसुद्धा डोक्याला ताप होते, कारण दर तीन-चार दिवसांनी बाहेरचा चार्जर शोधत फिरणं हे दुसऱ्या नोकरीसारखंच काम आहे.

हिशेब युनिटमध्ये करा

बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासात सांगतात. एक किलोवॉट-तास म्हणजे विजेच्या बिलावरचं एक युनिट. एमजी कॉमेटच्या बॅटरीत १७.३ युनिट मावतात, टियागो ईव्हीच्या मोठ्या बॅटरीत २४, नेक्सॉन ईव्हीच्या मोठ्या बॅटरीत ४५ आणि महिंद्रा बीई ६ मध्ये ५९ किंवा ७९. नुसता 'किलोवॉट' हा आकडा वेगळा. वीज किती भराभर आत जाते किंवा बाहेर येते, ते तो सांगतो. ७.२ किलोवॉटचा चार्जर तासाला ७.२ युनिट देतो, इतकं साधं आहे. हा फरक नीट बसला की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

आता खर्चाची बाजू. छोटी हॅचबॅक शहरात युनिटला आठ-नऊ किलोमीटर जाते, नेक्सॉनच्या अंगाची गाडी साडेसहा ते साडेसात, मोठी एसयूव्ही पाच-सहा. जाहिरातीतला रेंजचा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीतून येतो. तिथे सरासरी वेग कमी असतो आणि एसी बंद. त्या आकड्याचे ६५ ते ७५ टक्के धरून चाला, म्हणजे फसगत होत नाही.

पुण्यात वारजे ते खराडी जाऊन-येऊन ४० किलोमीटर धरा. युनिटला सात किलोमीटर देणाऱ्या गाडीला त्यासाठी बॅटरीतून सहा युनिटही लागत नाहीत. चार्ज होताना साधारण १०-१२ टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणजे मीटरवर साडेसहा-सात युनिट पडतील. गाडीसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर १५ अँपिअरच्या साध्या पॉइंटमधून १० ते १३ अँपिअर ओढतो, म्हणजे २.३ ते ३ किलोवॉट. दिवसभराचं रनिंग भरून काढायला अडीच-तीन तास पुष्कळ झाले. गीझरचा पॉइंट असतो तसा एक चांगला १५ अँपिअरचा पॉइंट बहुतेक कुटुंबांना पुरतो. रोज १२०-१५० किलोमीटर फिरणाऱ्यांना, घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या असणाऱ्यांना आणि साठ युनिटच्या पुढची बॅटरी घेणाऱ्यांनाच भिंतीवरच्या ७.२ किलोवॉटच्या चार्जरची खरी गरज असते. ४५ युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून पूर्ण भरायला साध्या पॉइंटवर चौदा-पंधरा तास लागतात आणि ७.२ किलोवॉटवर सहाच्या आत काम होतं. पण रोज वीस टक्क्यांपर्यंत गाडी उतरते कुणाची?

भिंतीवरचा चार्जर घेण्याआधी आणखी एक गोष्ट पाहा. घरातली वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी असते, बॅटरीला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी लागते. हे रूपांतर गाडीच्या पोटातला 'ऑनबोर्ड चार्जर' करतो. तो ३.३ किलोवॉटचा असेल, तर भिंतीवर ७.२ चा बसवला तरी गाडी ३.३ नेच घेणार. काही गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये नेमकं हेच असतं, आणि ते ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सापडतं.

पार्किंगमधला पॉइंट

बंगला किंवा रो हाउस असेल तर अर्ध्या दिवसाचं काम. सोसायटीत मात्र थोडं राजकारण आणि थोडं विद्युतशास्त्र, दोन्ही लागतं.

परवानगीचं आधी. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला मोकळीक दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली आणि हवं तर चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घेण्याचीही सोय झाली. तरी सोसायटीच्या कमिटीला भीती असते ती तीन गोष्टींची: वीज सोसायटीच्या सामायिक मीटरवरून जाईल, मीटर रूममध्ये आग लागेल आणि उद्या दहा जण उभे राहतील. पहिल्या दोन भीतींना कागदाने उत्तर देता येतं. लाइन स्वतःच्या फ्लॅटच्या मीटरनंतर निघेल, काम परवानाधारक विद्युत ठेकेदार करेल आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट जोडला जाईल, असं पत्रातच लिहा. सोबत केबल कुठून कुठे जाणार याचा साधा नकाशा द्या. तिसरी भीती खरी आहे. दहा गाड्या एकदम रात्री अकराला लागल्या तर जुन्या इमारतीची मुख्य केबल कुरकुरणारच. म्हणून सोसायटीने एकदा इमारतीच्या एकूण भाराचा हिशेब करून घ्यावा आणि गाड्यांच्या वेळा वाटून घ्याव्यात. बहुतेक गाड्यांमध्ये किंवा चार्जरमध्ये वेळ लावायची सोय असते. सामायिक मीटरवरून 'तात्पुरतं' चार्जिंग मात्र कुणालाही करू देऊ नका. पुढच्या सर्वसाधारण सभेचा तोच एकमेव विषय होतो.

आता भार. विजेच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, टू-बीएचकेला बहुधा ३ ते ५ किलोवॉट. गीझर २, एसी दीड आणि गाडी पावणेतीन, हे तिन्ही एका वेळी चालले तर हिशेब सहाच्या वर गेलाच. साध्या पॉइंटपुरतं गाडी रात्री बारानंतर लावून निभावतं. ७.२ किलोवॉटचा चार्जर असेल तर भार वाढवून घ्यावाच लागतो, आणि घरचा एकूण भार बराच वाढला तर थ्री फेज.

वायरीत पैसे वाचवू नका, हे ठळक अक्षरात लिहावंसं वाटतं. गीझर वीस मिनिटं चालतो आणि थांबतो. गाडी तोच प्रवाह सात-आठ तास न थांबता ओढते. गीझरला चालून गेलेला ढिला स्क्रू गाडीला चालत नाही. १५ अँपिअरच्या पॉइंटला ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि स्वतंत्र २० अँपिअरची एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका) ठेवा. ३२ अँपिअरच्या चार्जरला किमान ६ स्क्वेअर एमएम आणि ४० अँपिअरची एमसीबी लागते. अंतर वाढलं की जाडीही वाढवायची. मीटर रूम ते पार्किंग ४० मीटर असेल, तर ३२ अँपिअरला ४ स्क्वेअर एमएममध्ये सुमारे १२ व्होल्ट वाटेतच पडतात, ६ मध्ये ८ आणि १० मध्ये ५ च्या आत. पडलेले व्होल्ट म्हणजे तापलेली वायर आणि फुकट गेलेले युनिट. बेसमेंटमधून किंवा उघड्यावरून जाणारी केबल आर्मर्ड (धातूच्या कवचाची) घ्या, टोकांना लग (धातूची टोपी) मारून घ्या, आणि मध्ये कुठेही टेप गुंडाळलेला जोड नको.

सगळ्यात जास्त बिघडतं ते सॉकेट. चकचकीत मॉड्युलर सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या रोजच्या काढघालीने सैल होतात. सैल पट्टीवर ठिणगी उडते, तिथे काजळी धरते, काजळीने विरोध वाढतो, विरोधाने उष्णता वाढते, आणि एक दिवस प्लगच्या खालच्या पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी दिसायला लागतं. तिथेच थांबा. चार्जिंग सुरू होऊन तासभर झाल्यावर प्लगच्या पाठीला हात लावून पाहायची सवय ठेवा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर सॉकेट बदला आणि तोवर गाडीच्या स्क्रीनवरून किंवा चार्जरच्या बटणावरून प्रवाह १० अँपिअरवर आणा. उघड्या पार्किंगमध्ये झाकण असलेलं औद्योगिक पद्धतीचं सॉकेट लावणं उत्तम. एक्स्टेंशन बोर्ड कधीच नको, 'फक्त आजच्या रात्री' सुद्धा नको.

अर्थिंगचा प्रश्न जुन्या इमारतींत हटकून येतो. पोर्टेबल चार्जर आधी अर्थिंग तपासतो, ते नसलं किंवा कच्चं असलं की लाल दिवा दाखवून वीज घेतच नाही. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटरने तीन आकडे दाखवायला सांगा. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढाच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर नको. शेवटचा आकडा दहा-पंधरा आला तर खड्ड्यातलं अर्थिंग सुकलंय किंवा मीटर रूममधला न्यूट्रल ढिला आहे. इथे काही जण एक जुगाड करतात. सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडतात, आणि लाल दिवा जातो. पण वर कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीची अख्खी बॉडी फेजवर येते. असा उपाय सुचवणाऱ्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

चार्जरच्या लाइनला स्वतःची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका) द्या, ३० मिलिअँपिअरची आणि टाइप ए. घरात सहसा असते ती टाइप एसी, आणि गाडीतून डीसी गळती झाली तर ती आंधळी होते, म्हणजे ट्रिप व्हायला हवी तेव्हा होत नाही. शिवाय घराच्याच आरसीसीबीवर गाडी टाकली तर रात्री तीनला ती ट्रिप झाल्यावर फ्रिजही बंद पडतो. घरात इन्व्हर्टर असेल तर चार्जरची लाइन त्याच्या बाहेर ठेवायला सांगायला विसरू नका. वीज गेली की तीन किलोवॉटचा लोड इन्व्हर्टरवर कोसळतो.

बिलाचं गणित

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५००, मग त्यापुढे. गाडीचे युनिट तुमच्या आजच्या वापराच्या डोक्यावर बसतात, म्हणून सरासरी दराने काढलेला हिशेब खोटा ठरतो. महिन्याला १,००० किलोमीटर म्हणजे मीटरवर साधारण १६० युनिट. घरचा वापर १८० असेल तर एकूण ३४०. म्हणजे गाडीचे १२० युनिट ३०० पर्यंतच्या टप्प्यात पडले आणि ४० पुढच्या. वहन आकार आणि विद्युत शुल्क धरून हे टप्पे हिशेबापुरते १३ आणि १७ रुपये धरले, तर १,५६० अधिक ६८० म्हणजे २,२४० रुपये. किलोमीटरला सव्वादोन. शहरात लिटरला १४ देणारी पेट्रोल गाडी १०५ रुपयांच्या दराने याच अंतराला ७,५०० खाते. तुमच्या बिलावरचे दर घालून हे गणित स्वतः करून पाहा. घरचा वापर आधीच ४०० च्या वर असेल तर स्वतंत्र जोडणीचा विचार करायला हरकत नाही, कारण चार्जिंगच्या वर्गवारीचा दर असा पायऱ्या चढत नाही. स्मार्ट मीटर असेल तर बिलात सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेची सवलत दिसते का तेही बघा. दिसत असेल तर घरून काम करणाऱ्यांनी आणि रविवारी गाडी घरी असणाऱ्यांनी दुपारीच चार्ज करावं. छतावर सोलर असेल तर प्रश्नच मिटला.

उलट सगळं चार्जिंग बाहेर केलं तर? सार्वजनिक डीसी चार्जरचा दर युनिटला २२ रुपये धरला आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावला तर २६. महिन्याचे १५० युनिट म्हणजे ३,९०० रुपये, किलोमीटरला जवळपास चार. चांगली सीएनजी गाडीही साधारण तेवढ्यातच पडते आणि विकत घेताना स्वस्त असते. रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना, ऑफिसमध्येही पॉइंट नसेल तर, सध्या सीएनजीच घ्या असंच सांगावं लागतं.

बॅटरी किती टक्क्यांवर ठेवायची

याचं उत्तर बॅटरीच्या रसायनावर आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी असते. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतो, सेलमागे ३.२-३.३ व्होल्ट, मग ती ३० टक्के भरलेली असो की ७०. त्यामुळे गाडीच्या कॉम्प्युटरला नेमका अंदाज लागत नाही आणि चूक साठत जाते. मग १५ टक्के दाखवणारी गाडी दोन किलोमीटरवर एकदम ६ दाखवते आणि मालक घाबरतो. यावर औषध एकच, मधूनमधून १०० टक्के भरून तासभर प्लगवर तशीच ठेवायची. किती दिवसांनी, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. निकेल-मँगनीज-कोबाल्ट, म्हणजे एनएमसी बॅटरीची तऱ्हा उलटी. तिला रोज ८० टक्क्यांवर थांबवावं आणि प्रवासाच्या आदल्या रात्रीच पूर्ण भरावं. दोन्हींना न मानवणारी गोष्ट म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी आणि रखरखीत ऊन. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात ४५ अंशांत गाडी १०० टक्के भरून दिवसभर उन्हात उभी करू नये. चार्जिंग पहाटे संपेल अशी वेळ लावावी. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर ४० ते ६० टक्क्यांवर ठेवून जा.

वॉरंटी बहुतेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची देतात. क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलून किंवा दुरुस्त करून मिळेल, तो आकडा कागदावर वाचून घ्या. जुनी गाडी घेत असाल तर बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल अधिकृत सर्व्हिस सेंटरवरून काढल्याशिवाय टोकन देऊ नका.

घाट आणि हायवे

खोपोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटरवर, लोणावळा सुमारे ६२० वर. माणसांसकट १,६०० किलोची गाडी ही ५६० मीटरची चढण चढते तेव्हा नुसतं वर उचलण्यात २.४ युनिट जातात. मोटरमधली घट धरून २.७. म्हणजे खंडाळ्याचा घाट तुमची अठरा-वीस किलोमीटरची रेंज खातो. फार नाही, पण मीटरवरची टक्केवारी दहा-पंधरा मिनिटांत भराभर उतरताना पाहून पहिल्यांदा छाती धडधडते. उतरताना मोटर जनरेटर होते आणि त्यातले दीड-पावणेदोन युनिट परत येतात. याला रीजन म्हणतात.

इथे एक खाचखळगा आहे. बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते आणि गाडी रीजन कमी करते किंवा बंद करते. महाबळेश्वरच्या हॉटेलवर रात्रभर चार्ज करून सकाळी पूर्ण भरलेल्या गाडीने पसरणी घाट उतरायला लागलात, तर सवयीने पेडल सोडल्यावर गाडी हळू होणार नाही, सगळा भार ब्रेकवर येईल. वर राहणाऱ्यांनी ८५-९० टक्क्यांवर थांबावं. आणि रीजन सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवून वळणं उतरलात तर मागच्या सीटवरच्यांना मळमळतं, मधली पायरी बरी.

पुणे ते महाबळेश्वर १२० किलोमीटर आणि जवळपास ८०० मीटरची चढण. सपाटीचे साडेअठरा युनिट आणि चढणीचे पावणेचार, म्हणजे जाताना २२-२३, येताना साधारण १६. ४५ युनिटची बॅटरी जाऊन-येऊन काठावर निभावते, ३० ची निभावत नाही. ट्रिपच्या आधी असं पाठपोट गणित मांडायला पाच मिनिटं लागतात.

सपाट हायवेवर खरा शत्रू वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ११० ला गेलं की तो जवळजवळ दुप्पट होतो. ८० ला युनिटमागे सात-साडेसात देणारी गाडी ११० ला पाच-साडेपाचवर येते. ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे म्हणून १२० ने निघालात तर एक चार्जिंग वाढतं आणि वाचवलेला वेळ तिथेच जातो. ९०-९५ ला लावून एक थांबा टाळणारा बहुतेक वेळा आधी पोहोचतो. एसीचं भय मात्र उगाच घेतलेलं असतं. हायवेवर त्याचा वाटा नगण्य असतो. तो जाणवतो घोडबंदर रोडसारख्या कोंडीत, जिथे तासाला दहा-पंधरा किलोमीटर सरकताना एसी एक युनिट खातो आणि चाकं दोन.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक चारचाकींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे. तरी प्रवासानंतर फास्टॅगचा मेसेज पाहा. वाहनाची नोंद चुकीच्या इंधनप्रकारात असेल तर पैसे कापले जातात.

बाहेरचा चार्जर

आपल्याकडच्या आजच्या कारना जलद चार्जिंगसाठी सीसीएस-२ गन, म्हणजे चार्जरच्या केबलचा त्या पद्धतीचा मोठा प्लग, लागते: वर गोल सात पिना, खाली दोन जाड. चार्जरवर ६० किलोवॉट लिहिलेलं असलं तरी दोन गन असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली असेल तर बहुधा ३०-३० वाटले जातात. शिवाय तुमची गाडी जास्तीत जास्त किती घेते, ती मर्यादा आहेच. छोट्या बॅटरीची गाडी १२० किलोवॉटच्या चार्जरला लावून काही फायदा नाही, उलट मोठ्या गाडीची जागा अडते.

१० ते ८० टक्के साधारण तासाभरात होतात आणि पुढच्या वीस टक्क्यांना जवळपास तेवढाच वेळ लागू शकतो. एसटी सुटताना पहिले तीस जण पटापट बसतात, शेवटच्या दहांना पिशव्या सरकवत जागा शोधावी लागते. लिथियमचे कण तसेच शेवटी जागा शोधतात. घाईने ढकलले तर ते आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर थर धरतात आणि सेल कायमची खराब होते. म्हणून गाडी स्वतःहून वेग कमी करते. हायवेवर ८० ला गन काढून निघणं तुमच्याही हिताचं आणि रांगेतल्याही.

गन लावली आणि 'एरर' आला तर लगेच कस्टमर केअर लावू नका. गन जड असते, केबलच्या वजनाने खाली लोंबते आणि बारीक पिनांचा संपर्क तुटतो. ती हाताने वर उचलून, आत दाबून, लॉकचा 'खट्ट' आवाज येईपर्यंत धरा. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर चार्जरवरचं लाल इमर्जन्सी बटण कुणी दाबून ठेवलंय का पाहा, असेल तर ते फिरवून वर आणा. गाडी लॉक-अनलॉक करून दोन मिनिटं थांबा, मग दुसरी गन वापरा. एकाच कंपनीच्या अ‍ॅपवर विसंबू नका. तीन-चार अ‍ॅप आधीच घेऊन त्यांच्या वॉलेटमध्ये दोन-तीनशे रुपये भरून ठेवा, महावितरणचं पॉवरअपही त्यात असू द्या. घाटाच्या पायथ्याला नेटवर्क नसताना पेमेंट अडकतं. आणि चार्जरवर पोहोचताना २० टक्के शिल्लक राहतील असं ठरवा, तो बंद निघाला तर पुढचा गाठता आला पाहिजे.

पाऊस, ब्रेक आणि छोटी बॅटरी

पावसात चार्ज करायला हरकत नाही. गन पूर्ण बसून गाडी आणि चार्जर यांची आपसात बोलणी झाल्याशिवाय प्रवाह सुरूच होत नाही. भीती बाळगायची ती सॉकेटच्या बाजूची, आणि ते छताखाली हवं. बॅटरीला आयपी ६७ असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ती चाचणी शांत, स्वच्छ पाण्यातली असते. खड्ड्यांनी भरलेल्या तुंबलेल्या सबवेत गाडी घालायचा तो परवाना नाही. बेसमेंटमध्ये गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, कंपनीला कळवा. न्यायची असेल तर फ्लॅटबेडवरच, म्हणजे सपाट ट्रकवर चढवून. मोटर जोडलेली चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरून वीज तयार करते आणि गाडीतला इन्व्हर्टर जाऊ शकतो. विमा घेताना बॅटरी आणि चार्जरच्या नुकसानीचं कलम त्यात आहे का पाहा. थर्ड पार्टी हप्त्यात इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के सूट असते, तीही लावली आहे का तपासा.

रीजनमुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि कोकणच्या दमट हवेत डिस्क गंजतात. आठवड्यातून एकदा मागे कुणी नसताना रीजन कमी करून दोन-तीनदा ब्रेक ठासून दाबा. इंजिन ऑइल नाही म्हणून सर्व्हिसिंग सोडू नका. ब्रेक ऑइल ठरल्या वेळी बदलावंच लागतं आणि कूलंटही पाहावं लागतं. बऱ्याच गाड्यांत कूलंट खास कमी वीजवाहकतेचं असतं, त्यात नळाचं पाणी ओतून टाकी भरू नका. टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी. गाडी जड असते आणि ॲक्सिलरेटर दाबताच पूर्ण जोर लावते, त्यामुळे टायर लवकर झिजतात. बॉनेटखालच्या नारिंगी केबल कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला हाताळू देऊ नका, त्यात तीनशे-चारशे व्होल्ट असतात.

आणि एक बिघाड असा, की तो माहीत नसलेला माणूस गाडीच मेली असं समजतो. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली, पण दारं उघडत नाहीत, स्क्रीन लुकलुकतो, गाडी 'रेडी' होत नाही. दोष असतो बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा. लॉक, दिवे, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीचे रिले (तिला जोडणारे स्विच) तिच्यावर चालतात. ती बसली की मोठी बॅटरी असून नसल्यासारखी. तीन-चार आठवडे गाडी उभी राहिली, डॅशकॅम पार्किंगमध्ये चालू ठेवला किंवा ती तीन-चार वर्षांची झाली की हे होतं. किल्लीच्या आतल्या धातूच्या पात्याने दार उघडा, बॉनेट उघडा, दुसऱ्या गाडीच्या बारा व्होल्टवरून फक्त छोट्या बॅटरीच्या टर्मिनलला जंपर लावा, आधी लाल, मग काळी बॉडीच्या धातूला. स्क्रीनवर 'रेडी' आलं की मोठी बॅटरी छोटीला स्वतः चार्ज करायला लागते. तशी अर्धा-पाऊण तास चालू ठेवा. पुढच्याच आठवड्यात पुन्हा बसली तर बदलून टाका.